लोक चिडके झालेत, की चिडकेच लोक लिहितात? डेटावरून कळेल का?

चौकस_चिमणी
बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढते. सगळे म्हणतात ना की सोशल मीडियामुळे लोक हल्ली फार चिडके झालेत, जरा काही बोललं की वसकन अंगावर येतात. म्हटलं बघू तरी मोजून. पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) कामापुरतं येतं. एका बातम्यांच्या पानाखालच्या सार्वजनिक मराठी कॉमेंट, सहा वर्षांच्या, गोळा केल्या (नावं काढून फक्त नंबर ठेवले), एका तयार मॉडेलमधून काढल्या, त्याने प्रत्येकीवर सकारात्मक, नकारात्मक किंवा तटस्थ असा शिक्का मारून दिला. मग दर महिन्याला नकारात्मक किती टक्के ते काढलं. रेघ वर जातेय. पहिली साडेतीन-चार वर्षं रांगत रांगत, मग एका ठिकाणी एकदम टुणकन उडी आणि तिथून पुढे वरच.

नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, हे सांगायला ग्राफ कशाला हवा होता. पण मला सांगा, यावरून "समाज चिडका झाला" असं म्हणता येईल का? ऑफिसच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात यावर बोलायचंय, तोंडघशी पडायचं नाहीये.

रिकामटेकडा
शीर्षक वाचूनच मला राग आला. एक डेटा पॉइंट वाढवा.

गणिती_मांजर
चिमणीताई, आधी हे सांगा की तुम्ही कॉमेंट मोजल्यात की माणसं? एकच गृहस्थ दिवसाला चाळीस वेळा कडाडत असतील तर तुमच्या ग्राफमध्ये ते चाळीस होतात, आणि जो वाचून गुमान पुढे गेला तो शून्य.

जुनी गोष्ट आहे पण इथे फिट्ट बसते. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना पोस्टाने नमुना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांच्या वर परत आल्या. त्यावरून छातीठोकपणे सांगितलं की लँडन जिंकणार. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधून, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे या वस्तू होत्या त्यांचे. वर आणखी मेख अशी की पाकीट चिकटवून परत पाठवायची तसदी जास्त करून नाराजांनीच घेतली. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने याच्या कितीतरी लहान नमुन्यावरून बरोबर सांगितलं होतं.

तुमच्या कॉमेंट म्हणजे परत आलेली पाकिटं आहेत.

खडूस_खार
मांजरराव, १९३६ मध्ये २० लाख हा मोठा आकडा होता. आता कोट्यवधी पोस्ट मिळतात. इतक्या ढिगाऱ्यात बारीकसारीक चुका एकमेकींना खाऊन टाकतात. समाजशास्त्रवाले अजून दोनशे प्रश्नावल्या भरून प्रबंध लिहितात त्यापेक्षा हे कधीही बरं.

गणिती_मांजर
खारभाऊ, चुका दोन्ही बाजूंना होत असतील तर खातात एकमेकींना. सगळ्या एकाच बाजूला कलल्या असतील तर ढिगारा वाढवून काय उपयोग, आपण चुकीच्या उत्तराबद्दल जास्त खात्री बाळगून बसतो एवढंच.

गूगल फ्लू ट्रेंड्सचं काय झालं? २००८ मध्ये सुरू केलं, लोक काय सर्च करतात त्यावरून फ्लूची साथ सरकारी आकड्यांच्या आधी सांगायची. ५ कोटी शब्दप्रयोगांमधून फ्लूच्या आकड्यांशी जुळणारे ४५ निवडले. आता इतक्या ढिगात थंडीच्या दिवसांत वाढणारं काहीही फ्लूशी जुळणारच, शाळांच्या बास्केटबॉलचे सर्चसुद्धा जुळत होते, ते हाताने काढावे लागले. ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे त्याने फ्लू जास्त दाखवला. २०१५ ला गाशा गुंडाळला. मधल्या काळात गूगलने स्वतःचं सर्च बदललं होतं, लोकांना शब्द सुचवायला लागलं होतं, हेही एक कारण सांगतात. म्हणजे लोक तेच, तराजू बदलला.

आजोबा_ऑनलाईन
मी नोकरीची तीस वर्षं घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेण्यात घालवली, तेव्हा खारीला वाटतं तसा मी प्रश्नावलीच्या बाजूचा असायला हवा, पण नाही. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला कोण सांगणार की मी रोज भांडतो, बायकोवर ओरडतो, शेजाऱ्याशी बोलत नाही. सगळे गुणी बाळ. "वर्तमानपत्र वाचता का" ला हो म्हणायचे आणि घरात कागदाचा तुकडा दिसायचा नाही. या मुलीने निदान लोक काय करतात ते पाहिलंय, काय करतो म्हणतात ते नव्हे. माझा तिला पाठिंबा. घाबरू नकोस बाळ.

शब्दवेडी
आजोबा, मुद्दा पटला, पण कॉमेंट तरी कुठे खासगीत लिहितो माणूस, तीही चार लोकांना दाखवायलाच ना. दारातला गुणी बाळ आणि कॉमेंटमधला वाघ, दोन्ही सोंगंच.

मला वेगळी शंका आहे. मॉडेलला मराठी टोमणा कळतो का? "वा, काय दिवे लावलेत!" ही सकारात्मक की नकारात्मक? "चांगलाच उजेड पाडलात", "धन्य आहात". उलट "खतरनाक", "नाद खुळा", "बेक्कार हसलो" हे सगळं कौतुक.

चौकस_चिमणी
@शब्दवेडी, आत्ताच टाकून बघितलं. "दिवे लावलेत" ला सकारात्मक, तेही ९० टक्क्यांच्या वर खात्रीने. "बेक्कार हसलो" नकारात्मक. मेले मी.

रिकामटेकडा
मॉडेल सज्जन आहे हो. त्याला खरंच दिवे दिसले.

ढ_विद्यार्थी
मी मागच्या वर्षी प्रोजेक्टमध्ये घातलेला गोंधळ सांगतो म्हणजे तुम्हाला स्वतःचं दुःख हलकं वाटेल. मराठी कॉमेंटमध्ये कुठले शब्द सगळ्यात जास्त येतात ते काढायचं होतं, सगळे वापरतात तीच लायब्ररी, सेटिंगला हात न लावता. यादी आली त्यात एक नंबरला "सरक". मी म्हटलं लोक एकमेकांना सरक सरक काय म्हणतायत, गर्दी झालीय का? खाली "बदन", "मतद", "कव". दोन दिवस मी सरांना हे तरुणांचे नवीन शब्द असतील असं सांगत होतो.

झालं असं होतं की शब्द कुठे संपतो हे ठरवायचा तिचा नियम फक्त अक्षरं ओळखतो, आणि युनिकोडमध्ये (संगणक ज्या यादीवरून अक्षरं ओळखतो ती) काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. म्हणून प्रत्येक कान्यापाशी शब्द तुटतो. सरकार मधलं उरलं सरक, बदनाम मधलं बदन, मतदान चं मतद, कविता चं कव. आणि एकेरी अक्षराचा तुकडा उरला तर तो टाकूनच देतो. आता गंमत बघा, "नाही" मध्ये उरतो न आणि ह, दोन्ही एकेरी, दोन्ही कचऱ्यात. म्हणजे "आवडलं नाही" चं झालं "आवडल".

माझ्या अख्ख्या डेटात कुणीही कशालाही नाही म्हणत नव्हतं. सर म्हणाले फारच समाधानी समाज आहे तुझा.

शब्दवेडी
अगं आई गं!! हसून हसून डोळ्यांतून पाणी. "सरक" ला तर तोड नाही.

निमूट
बहुतेक वेळा फक्त वाचते, आज राहवलं नाही. पोट धरून हसले. (मी त्या परत न आलेल्या पाकिटांपैकी.)

गणिती_मांजर
ढ, दंडवत घे. चिमणीताईंचं मॉडेल नवीन पद्धतीचं असेल तर हा घोळ बहुधा नसेल, पण शे-दोनशे कॉमेंट तुकडे पाडल्यावर कशा दिसतात ते डोळ्यांनी बघाच. आणि मॉडेल कशावर शिकलंय ते शोधा. मराठीसाठी एलथ्रीक्यूब या संशोधक गटाने २०२१ मध्ये महासेंट नावाचा संच खुला केला, साधारण १६ हजार ट्वीट, हाताने शिक्के मारलेले. काम मोलाचंच आहे, पण ती ट्वीट नामवंत मंडळींच्या खात्यांवरची. पुढारी, कलाकार जाहीरपणे जसं लिहितात तसं बातमीखाली भांडणारा माणूस थोडाच लिहितो. शिकवलं सभेतल्या भाषणावर आणि परीक्षा घेतली नळावरच्या भांडणाची, असं होतं.

उपाय कंटाळवाणा आहे. कुठल्याही तीनशे कॉमेंट घ्या, दोघांनी एकमेकांना न विचारता शिक्के मारा, आधी तुम्हा दोघांचंच किती जुळतं ते बघा. त्यासाठी कोहेनचा कप्पा म्हणून एक माप आहे, १९६० पासूनचं.

रिकामटेकडा
कप्पा? वरचा की खालचा?

गणिती_मांजर
वरचा रिकामा असलेल्यांनी विचारू नये :) नुसत्या योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढंच जुळलं तर ०, शंभर टक्के जुळलं तर १. दोन माणसांचंच जुळत नसेल तर मॉडेलला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

खडूस_खार
बरं मग शब्द सोडा. फेसबुकवर रागाचा इमोजी असतो तो मोजा. त्यात टोमणा नाही, काना-मात्रा नाही, माणसाने स्वतः दाबलेलं बटण.

ढ_विद्यार्थी
खार सर, ती बटणं २०१६ मध्ये आली. आणि नंतर बाहेर आलं की २०१७ पासून काही काळ फेसबुकची गणितं अशा इमोजीला साध्या लाईकच्या पाचपट वजन देत होती, म्हणजे ज्या पोस्टवर लोक चिडतात ती आणखी लोकांना दाखवायची. पुढे ते वजन टप्प्याटप्प्याने उतरवलं. आता त्या वर्षांतले रागाचे इमोजी मोजलेत तर काय मोजलंत? लोकांचा राग की कंपनीने कुणासमोर काय वाढून ठेवलं ते?

खडूस_खार
हे माहीत नव्हतं. ठीक आहे, एक गुण तुला.

पण मग प्रयोग करा ना सरळ. निम्म्या लोकांना एक दाखवा, निम्म्यांना दुसरं.

तळटीप
झालेत की प्रयोग, आणि गदारोळही झालाय. जानेवारी २०१२ मध्ये एक आठवडा फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमधून काहींच्या आनंदी पोस्ट कमी केल्या, काहींच्या दुःखी, आणि मग ती माणसं स्वतः काय लिहितात ते पाहिलं. त्या लाखोंपैकी कुणालाही आपण प्रयोगात आहोत हे ठाऊक नव्हतं. २०१४ मध्ये पीएनएएस या नियतकालिकात निबंध छापून आला तेव्हा कळलं. बोंब झाल्यावर नियतकालिकालाच चिंता व्यक्त करणारं टिपण काढावं लागलं. आणि परिणाम केवढा, तर हजार शब्दांमागे भावनेचा एखादा शब्द कमी. एवढ्यासाठी लाखो लोकांच्या मनाशी खेळायचं?

खडूस_खार
तळटीपताई, फीडमध्ये काय दाखवायचं ते कंपनी तशीही रोज बदलते, धंद्यासाठी, कुणाला न विचारता. तेच एकदा अभ्यासासाठी केलं आणि छापलं की लगेच नीतिमत्ता आठवते. न छापता केलं असतं तर चाललं असतं का?

तळटीप
नसतं चाललं. रोज करतात म्हणून बरोबर होत नाही. आणि विचारून करता येतं. २०१८ च्या अमेरिकन मध्यावधी निवडणुकांआधी काही अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन, त्यांच्या संमतीने, चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. बंद ठेवणारे थोडे जास्त समाधानी झाले, राजकीय ध्रुवीकरण थोडं कमी झालं आणि बातम्यांची माहितीही कमी झाली. कुणाला फसवावं लागलं नाही.

आजोबा_ऑनलाईन
म्हणजे अडाणी राहा आणि सुखी राहा.

रिकामटेकडा
आजोबा, ते तर मी विनापैसे करतोय.

मला वाटतं तुम्ही सगळे उगाच डोकं फोडताय, निम्म्या कॉमेंट बॉट, म्हणजे माणूस नसलेले प्रोग्राम, लिहितात. विषय संपला.

गणिती_मांजर
नाही संपत. २०१८ मध्ये सायन्स नियतकालिकात एमआयटीच्या तिघांचा अभ्यास आला, ट्विटरवर २००६ ते २०१७ मध्ये फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या, खऱ्या की खोट्या ते सत्यशोधन करणाऱ्या सहा संस्थांनी ठरवलेलं. खोटी बातमी रिट्वीट होण्याची शक्यता ७० टक्के जास्त निघाली, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. मग त्यांनी बॉट काढून पुन्हा हिशेब केला. निष्कर्ष तोच, बॉट दोन्ही सारखंच पसरवत होते. खोट्याला पाय माणसांनीच लावले.

अवांतर: तो अभ्यास झाला कारण ट्विटरने त्यांना सगळा डेटा उघडून दिला होता. २०२३ पासून संशोधकांसाठीचं फुकट एपीआय (प्रोग्रामने डेटा काढायची वाट) बंद, फेसबुकवाल्या मेटाने क्राउडटँगल हे पोस्ट कशा पसरतात ते दाखवणारं साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. युरोपात डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टच्या ४० व्या कलमाने संशोधकांना डेटा मागायचा हक्क दिलाय, इतरत्र कंपनीची मर्जी. आणि मर्जीने दिलेला तरी नीट असतो का, २०२१ मध्ये फेसबुकने कबूल केलं की संशोधकांना दिलेल्या आकड्यांत अमेरिकेतले जवळपास निम्मे वापरकर्ते राहूनच गेले होते, ज्यांचा राजकीय कल ओळखता आला नव्हता ते. लोकांनी त्यावर निबंध लिहून झाले होते.

तळटीप
चिमणी, एक विसरू नकोस, भाषणात स्लाइडवर कुणाची कॉमेंट जशीच्या तशी टाकू नकोस. नाव काढलंस तरी ते वाक्य सर्चमध्ये टाकलं की माणूस सापडतो. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने ६.५ लाख लोकांचे सर्च नावाऐवजी नंबर घालून अभ्यासासाठी खुले केले होते, पत्रकारांनी काही दिवसांत एका बाईला तिच्या सर्चवरून घरी जाऊन गाठलं. वाक्य थोडं बदलून सांग.

नाईटशिफ्ट
धागा सावकाश वाचत होतो. मी पूर्वी अशाच एका मोठ्या पानाच्या कॉमेंट तपासायच्या कामावर होतो, नाव सांगत नाही. रात्रीच्या पाळीत बसून शिवीगाळ, धमक्या, कुणाच्या घरचा पत्ता टाकलेला, हे उडवायचं. लोकांना कल्पना नाही किती उडवतो. काही बातम्यांखाली तर उरतं त्यापेक्षा उडवलेलं जास्त. आणि उडवायचे नियम सारखे बदलायचे, कधी माणसं कमी केली, कधी मशीनवर टाकलं, कधी वरून निरोप आला की जरा ढील द्या, वर्दळ दिसली पाहिजे.

तेव्हा ताई, तुम्ही गोळा केलेल्या त्या लोकांनी लिहिलेल्या कॉमेंट नाहीत, आम्ही ठेवलेल्या कॉमेंट आहेत. तुमची ती टुणकन उडी नेमकी कधीची?

गणिती_मांजर
हा प्रश्न मला पहिल्या प्रतिसादात सुचायला हवा होता.

आणि चिमणीताई, उडीच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे लिहिणारी जी माणसं आहेत तेवढीच वेगळी काढून बघा. माणसाची तुलना स्वतःशीच केली की बराच कचरा गळतो. २०११ मध्ये गोल्डर आणि मेसी यांनी ८४ देशांतल्या २४ लाख लोकांची ५० कोटींच्या वर ट्वीट घेऊन दिवसभरात मूड कसा बदलतो ते दाखवलं, सकाळी चांगला, दिवस चढतो तसा उतरत जातो, सुट्टीच्या दिवशी सकाळचा चांगला काळ दोनेक तास उशिरा. हे पटतं कारण तिथे प्रत्येक जण स्वतःच्याच सरासरीशी ताडून पाहिला होता, या देशाचे लोक त्या देशापेक्षा आनंदी असली विधानं नव्हती.

चौकस_चिमणी
चार दिवसांनी येतेय, सगळ्यांचं ऐकून बसले होते.

आधी शिक्के. मी आणि नवरा, तीनशे कॉमेंट, वेगवेगळ्या खोलीत बसून. कप्पा आला ०.५८. ज्याने ग्राफ कशाला हवा विचारलं होतं तो तिसऱ्या दिवशी "हा टोमणाच आहे" म्हणून माझ्याशी अर्धा तास वाद घालत होता. बहुतेक भांडण टोमण्यांवरच. मॉडेल तिथे सरळसरळ आपटलंय, म्हणजे सुरुवातीची वर्षं वाटतात तेवढी गोड नव्हती, तेव्हा लोक दिवे लावत होते.

मग माणसं मोजली. नकारात्मक शिक्क्यांचा मोठा वाटा मूठभर नंबरांचा. त्यातला एक नंबर तर मला आता लिहिण्याच्या ढबीवरून ओळखू येतो, पहाटे चारला लिहितो, प्रत्येक वाक्याला तीन उद्गारचिन्हं. त्यांना बाजूला ठेवलं की रेघ बरीच खाली बसते, पण उडी राहतेच.

आणि उडी. @नाईटशिफ्ट, पानावरच "आमचे कॉमेंटचे नियम" असं एक टिपण आहे, मी सहा वर्षांचा डेटा गोळा केला आणि ते कधी उघडलंच नव्हतं. त्याची तारीख बघितली. उडीच्या आदल्या आठवड्यातली. आधी कॉमेंट तपासून मग दिसायची, त्या दिवसापासून आधी दिसते, तक्रार आली तर काढतात. मांजर म्हणाली तसं दोन्हीकडे लिहिणारी माणसं वेगळी काढली तर त्यांच्यात उडी जवळजवळ नाही. जी नवीन दिसायला लागली ती कदाचित आधीही लिहीतच होती, कुणीतरी रात्रपाळीत उडवत होतं.

नाईटशिफ्ट
वाटलंच होतं.

खडूस_खार
म्हणजे समाज होता तसाच आहे?

चौकस_चिमणी
तेही नाही म्हणू शकत ना! माझ्याकडे उडवलेल्या कॉमेंट नाहीतच. ग्राफवरचं "समाजातील राग" खोडून "या पानावर दिसणारा राग" केलंय, बोलायला तेवढंच घेऊन जाणार. पण आता नवीन किडा. काही आठवडे रोज, आलेली कॉमेंट आल्या आल्या नोंदवायची आणि आठ दिवसांनी परत जाऊन बघायचं की आहे का गेली. तक्रारीवरून काय जातं ते तरी मोजता येईल.

तळटीप
लिहिणाऱ्याने स्वतःच पुसली असेल तर? ती तुझ्याकडे साठवलेली राहील. त्याने मागे घेतलेलं तू जपून ठेवणार.

चौकस_चिमणी
हं. मग मजकूर न ठेवता आल्या आल्या शिक्का मारून फक्त शिक्का ठेवला तर?

शब्दवेडी
मग टोमणा होता की नाही ते नंतर तपासणार कसं? मजकूरच नाही.

ढ_विद्यार्थी
ताई, शिक्के मारायला मी येतो. तुमचा आणि काकांचा कप्पा वाढेपर्यंत तिसरा माणूस लागेलच.

रिकामटेकडा
आणि त्या पहाटे चारवाल्याचा मजकूर नका ठेवू प्लीज. सहज सांगतोय!!!